गुडघ्याला जामीन कोण?

गेल्या माघात गुलमर्गच्या बाजारात माझ्या भाच्याने एका दुकानाच्या मागच्या फळीवरून, आडरानातील बर्फात चढण्या-उतरण्यासाठी स्कीवर जडवतात त्या बाइंडिंगची एक जुनी जोडी धूळ झटकून खाली घेतली, आणि नव्याच्या चौथाई किमतीत ती मिळते आहे या आनंदात माझ्या हाती दिली. पोलाद शाबूत होते, खटका खणखणीत वाजत होता. परंतु टाचेकडचा प्लॅस्टिकचा भाग उजेडाकडे धरला तेव्हा स्क्रूच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर आणि तिच्या कडेने पसरलेला पांढुरका डाग स्पष्ट दिसला.

जुने ते त्याज्य, असे माझे मत मुळीच नाही. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी 1980 च्या दशकात बुटाचे टोक दोन बाजूंनी दोन खुंट्यांत धरण्याची जी युक्ती काढली, तिच्याच पायावर आजची हलकी बाइंडिंग उभी आहेत. कल्पना टिकते, झिजते ते द्रव्य. उन्हाने आणि थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ होते, वंगण घट्ट होऊन चिकटते, आणि हा ऱ्हास आतल्या आत चालत असल्याने वरून पाहणाऱ्याला त्याचा थांग लागत नाही.

बाइंडिंगने पाय नुसता धरून ठेवायचा असता, तर खटक्याच्या आवाजावर इतबार ठेवता आला असता. पण पडताना लांबलचक स्की तरफेसारखी पायाला पिळू लागते, आणि त्या क्षणी स्प्रिंगने बूट मोकळा केला नाही तर तो पीळ नडगीला किंवा गुडघ्यातील अस्थिबंधांना सोसावा लागतो. किती जोराला बूट सुटावा हे स्कीपटूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवतात व बाइंडिंगच्या चिमुकल्या खिडकीत तो आकडा लावतात. खिडकीत 6 दिसतो म्हणून जुनी स्प्रिंग 6 लाच सोडील, अशी हमी मात्र तो आकडा देत नाही. ती खातरजमा पीळ मोजणाऱ्या यंत्रावरच होते. अमेरिकेत उत्पादक ज्या बाइंडिंगांच्या कामात दुकानदाराच्या पाठीशी उभे राहतात त्यांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतात, आणि यादीतून गळालेल्या जोडीला हात लावण्यास दुकानदार सहसा राजी नसतात. नवा माल खपवण्याची ही तजवीज आहे असे पुष्कळांना वाटते. मला तो नकार प्रामाणिक वाटतो, कारण ज्या वस्तूला करणाराही जामीन राहत नाही, तिला आपल्या गुडघ्याने जामीन राहावे हा व्यवहार मला मान्य नाही.

शिवाय आडरानाचा कायदा वेगळा. गुलमर्गच्या अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत 2005 पासून गोंडोला जाते खरी, परंतु तिच्यापासून दूर, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात बाइंडिंग तुटले तर पायी परतणेही दुरापास्त होते.

सपाट कुरणावर हिंडण्यापुरती जुनी जोडी वापरण्यास माझी हरकत नाही. उतरणीला मात्र, चीर नाही, बूट त्या बाइंडिंगला जुळणाऱ्या प्रकारचा आहे आणि यंत्रावर तपासून देणारा कारागीर हाताशी आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तिच्यात पाय घालावा. भाच्याने ती जोडी फळीवर परत ठेवली आणि तपासलेली जोडी भाड्याने घेतली. या मोसमात गुलमर्गला किंवा औलीला निघालेल्या वाचकांनीही तसेच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.