‘शोधा’ची किंमत

‘कोलंबसाने १४९२ मध्ये अमेरिकेचा शोध लावला’ हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेत पाठ केले. माझी हरकत त्यातल्या ‘शोध’ या शब्दाला आहे. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला, त्याला तिथल्या लोकांनी ‘ग्वानाहानी’ हे नाव केव्हाच दिलेले होते. ते ताइनो समाजातले होते. हरवले होते ते नव्हेत. वाट चुकला होता तो आशियाला निघालेला पाहुणा!

कोलंबसाची हिंमत नाकारण्याचे कारण नाही. पण निघण्यापूर्वी स्पेनच्या राजाराणीकडून त्याने नफ्याचा दहावा हिस्सा आणि नव्या मुलखाचा कारभार लिहून घेतला होता, हेही विसरू नये. सोने, मसाले आणि धर्मप्रसार एकाच गलबतातून निघाले. १४९३ मध्ये पोपने तो मुलूख स्पेनला बहाल केला. ज्यांचा मुलूख, त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

पुढे हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती व डॉमिनिकन रिपब्लिकच्या भूमीवर, सोन्याची सक्तीची वसुली सुरू झाली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी घुंगरूभर सोने आणून द्यायचे. इतके सोने तिथे होतेच कुठे? १४९५ मध्ये सुमारे ५०० माणसे गुलाम म्हणून स्पेनला धाडली; त्यांतली २०० च्या आसपास वाटेतच मेली. वेठबिगारीने शेती ओस पडली, उपासमार आली, आणि १५१८ मध्ये देवीची साथ. १५४८ च्या सुमारास बेटावर ५०० तरी ताइनो उरले असतील का, अशी शंका स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो यानेच नोंदवली. त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले.

‘तो काळच तसा होता’ असे म्हणून सुटता येत नाही. त्याच काळात, १५११ मध्ये, मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये स्पॅनिश मालकांना तोंडावर जाब विचारला होता. ‘ही माणसे नाहीत काय?’ हा त्याचा सवाल होता. पोपच्या त्या फर्मानांवर उभा राहिलेला सिद्धान्त व्हॅटिकनने नाकारला तो मात्र २०२३ मध्ये.

उपवासाला आपण खातो त्या बटाट्याचे नावही पोर्तुगीजांमार्फत आलेले, मुळात ताइनोंच्या रताळ्याचे. शब्द जगभर पोचला, बोलणारे मागेच राहिले. पोर्तो रिकोत स्वतःला ताइनो म्हणवणारी माणसे आजही आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी आपण मुलांना ‘कोलंबस अमेरिकेत पोचला’ इतकेच सांगावे, आणि पोचल्यावर काय झाले तेही सांगावे.