चेक छापावा संगणकाने, वाचावा माणसाने

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,



या सत्रापासून आपल्या शाळेचे चेक हाताने न लिहिता संगणकावर छापले जात आहेत. गोष्ट कार्यालयातली आहे, पण तिच्यावर चर्चा बरीच झाली. काही ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "इतकी वर्षे हाताने लिहिले, काय बिघडले?" तरुण शिक्षक म्हणाले, "आता चेक हवेत तरी कशाला? सगळे ऑनलाइन करा." आमचे मत या दोन्हींहून थोडे वेगळे आहे.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, शाळा-कॉलेजात हिंदी, त्यामुळे आकडे दोन्ही भाषांतले डोक्यात. मागे एकदा आपले बडेबाबू रजेवर होते आणि बाके दुरुस्त करणाऱ्या सुताराचे बिल द्यायचे होते. चेक आम्हीच लिहिला. आकड्यात ३,४७९ बरोबर लिहिले, अक्षरात मात्र 'तीन हजार चार सौ नवासी' लिहून बसलो. हिंदीत ७९ म्हणजे उन्यासी आणि ८९ म्हणजे नवासी. मराठीत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत असा गोंधळ होत नाही! खाली आमची सही झाली, कोषाध्यक्षांचीही झाली. चौथ्या दिवशी सुतार दारात उभा. "साहब, चेक लौट आया." अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला होता आणि वर त्याच्याच खात्यातून शुल्क कापले होते. चूक आमची, दंड त्याला. ते शुल्क आम्ही खिशातून भरून दिले, पण त्याचे चार दिवस परत देता आले नाहीत.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, ज्याला नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतात, कलम १८ असे सांगते की अक्षरी आणि आकडी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरावी. प्रत्यक्षात बँका असा चेक बहुधा परतच करतात. पूर्वी खाडाखोड करून शेजारी पूर्ण सही केली की भागत असे. चेक ट्रंकेशनच्या पद्धतीत चेकचा कागद गावोगाव फिरत नाही, त्याचे चित्र पाठवले जाते. ही पद्धत फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तिच्या नियमांप्रमाणे तारखेखेरीज कुठलीही दुरुस्ती चालत नाही. एक अक्षर चुकले की पान रद्द.

आता आपल्या स्नेहसंमेलनाचा विचार करा. देणगीदारांच्या ठेवींच्या व्याजातून गुणवंत मुलांना जे चेक दिले जातात, ते बडेबाबू आदल्या रात्री उशिरापर्यंत एकटे बसून लिहीत. पन्नासाव्या चेकला हात थकणारच. छपाईत आकडा एकदाच टाकायचा, अक्षरी रक्कम संगणक स्वतः तयार करतो. तारखेचे आठ अंक आठ चौकटींत नीट बसतात. म्हणून हा बदल योग्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चेकच नको म्हणणाऱ्यांनाही उत्तर दिले पाहिजे. पगार थेट खात्यात जातात, ते तसेच जावेत. पण संस्थेचा पैसा समाजाचा आहे. बिल समोर ठेवून दोन माणसांनी सही करायची, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे आणि चेकमध्ये ती सहज पाळली जाते. शिवाय मंचावर आजीआजोबांसमोर मुलाच्या हातात चेक पडतो, त्याचा आनंद मोबाइलवरच्या संदेशाला येत नाही.

पण आम्हाला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. छपाई सुरू झाली त्याच महिन्यात एक चेक सुरेख छापून आला. अक्षर आणि आकडा तंतोतंत जुळत होते. आम्ही सही केली, कोषाध्यक्षांनी केली. पाकिटात घालताना बडेबाबूंनी सवयीने व्हाउचर शेजारी धरले आणि थांबले. वह्यांच्या दुकानदाराऐवजी यादीत त्याच्या खालच्या ओळीत असलेल्या छापखान्याचे नाव आले होते. संगणकावर बोट एक ओळ खाली पडले, इतकेच. हाताने लिहिताना नाव अक्षर-अक्षर मनातून जाते. यादीतून निवडताना ते जात नाही. आणि छापलेले स्वच्छ दिसते म्हणून वाचणाराही डोळे झाकून विश्वास ठेवतो.

पूर्वी अशी चूक नंतर लक्षात आली तरी बँकेला कळवून चेक थांबवायला एखाद-दुसरा दिवस हाती असे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने दिवसभर अखंड समाशोधन सुरू केले आहे. सकाळी भरलेल्या चेकचे पैसे त्याच दिवशी जाऊ शकतात. म्हणजे चूक पकडायची जागा एकच उरली, सहीच्या आधीची. हाताने लिहिण्याचा जो संथपणा आपल्याला कंटाळवाणा वाटे, तोच एक पहारा होता. तो आता सही करणाऱ्यांनी द्यायचा आहे.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमच्या चार सूचना आहेत. पहिली, व्हाउचर आणि बिल सोबत नसेल तर कोणीही सही करू नये. बाहेरगावी जायचे म्हणून कोऱ्या चेकवर सही करून ठेवणे तर कधीच नको. दुसरी, छपाईसाठी पाने चेकबुकातून सुटी करावी लागतात आणि प्रतिपर्णावर नोंद राहून जाते. तेव्हा प्रत्येक पानाचा क्रमांक रजिस्टरमध्ये हाताने लिहावा, बिघडलेले पान रद्द करून त्यालाच जोडावे आणि कोरी पाने कुलपात ठेवावीत. तिसरी, पन्नास हजार रुपये किंवा अधिक रकमेच्या चेकचा तपशील आधीच बँकेला कळवण्याची 'पॉझिटिव्ह पे' ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. ती आपण वापरावी. चौथी, आपला प्रोग्राम फक्त इंग्रजीत छापतो. चेक हिंदीत लिहिण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. तेव्हा प्रोग्राम बनवणाऱ्यांकडे आपण नागरीची मागणी करावी. आपल्या सुताराला स्वतःचा चेक स्वतः वाचता आला पाहिजे.

पालकांना विनंती अशी की बक्षीसपात्र पाल्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत कार्यालयात द्यावी. नावाचे स्पेलिंग शाळेत एक आणि बँकेत दुसरे असले की चेक अडतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमचा चेक संगणक छापील, पण तो वाचायला तुम्ही शिका. खालच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईने छापलेले आकडे पाहा. चेक क्रमांकानंतर नऊ अंक येतात. त्यातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आपल्या इंदूरचे ४५२, पिनकोडासारखेच. त्या पट्टीवर काही लिहायचे नाही. या सत्रात आठवीच्या वर्गात नमुन्याचे चेक हाताने भरण्याचा एक तास आम्ही स्वतः घेणार आहोत. हिंदीत शेवटी 'मात्र' आणि मराठीत 'फक्त' का लिहितात, तेही सांगू. आणि हो, उन्यासी-नवासी आधी आमच्याकडूनच म्हणवून घ्या!

बडेबाबूंना काही जणांनी विचारले, "आता तुमचे काम काय उरले?" त्यांचे काम उरले आहे. लिहिण्याचे गेले, तपासण्याचे वाढले. छापलेला प्रत्येक चेक आधी त्यांच्या नजरेखालून जाईल आणि मगच आमच्याकडे येईल, असा आदेश आम्ही काढला आहे.

आपले,
प्राचार्य