प्रतिकृतीवरील नजरगहाण

ट्रकची प्रतिकृती बाजारात मिळते. तिच्यावर लिहायचे आपल्या पेढीचे नाव मात्र मिळत नाही. ते घरच्या संगणकावर तयार करावे लागते. विशिष्ट कागदावर अक्षरे छापून तो पाण्यात भिजवला की वरचा पापुद्रा सुटतो आणि प्रतिकृतीवर अलगद सरकवून बसवता येतो. यालाच डिकॅल म्हणतात. सांगलीतील माझ्या एका हळद-व्यापारी स्नेह्यांच्या नातवाने गेल्या दिवाळीत हा उद्योग आरंभिला. पेढीच्या पहिल्या ट्रकची प्रतिकृती दुकानात ठेवावी, ही त्याची हौस. आधाराला १९९१ सालचे एकच छायाचित्र होते, तेही कृष्णधवल.

प्रतिकृती १:२४ प्रमाणाची, म्हणजे खऱ्या मापाला चोवीसने भागायचे. पण अक्षरांची खरी मापे आणायची कोठून? येथे सरकारी नियम कामी आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत नॅशनल परमिटच्या ट्रकसाठी वाळक्या पानासारखा तपकिरी रंग, ३० सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार आणि दोन्ही बाजूंस ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात 'नॅशनल परमिट' ही अक्षरे त्या काळी सांगितली होती. छायाचित्रात ते वर्तुळ स्पष्ट दिसत होते. म्हणजे मोजपट्टीच हाती आली! प्रतिकृतीवर ते बरोबर अडीच सेंटिमीटरचे व्हायला हवे. त्याच हिशेबाने शेजारची सारी अक्षरे लहान करावयाची. छायाचित्र किंचित तिरकस असल्याने वर्तुळ अंडाकृती भासत होते. ते गोल दिसेपर्यंत संगणकावर चित्र सरळ केले, तेव्हा अक्षरांचा तिरकसपणाही आपोआप गेला. रंगाचा प्रश्नही नियमानेच सोडवला.

पेढीच्या नावासाठी मुलाने प्रथम संगणकातील तयार टंक निवडला होता. मला तो मुळीच रुचला नाही. पेंटरच्या कुंचल्याला स्वतःचे वळण असते. त्याचा 'श्री' कोणत्याही टंकात सापडत नाही. इंकस्केप नावाची चित्ररेखनाची प्रणाली विनामूल्य मिळते. तीत छायाचित्र तळाशी ठेवून प्रत्येक अक्षराची कडा गिरवता येते. दोन रविवार गेले, पण नाव पेंटरच्या हातचे उतरले.

खरी अडचण पांढऱ्या रंगाची. घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. जेथे पांढरे हवे, तेथे तो कागद कोरा सोडतो. पारदर्शक डिकॅलवर कोरे सोडले तर खालचा तपकिरी रंगच दिसणार. पिवळ्या शाईचीही तीच गत, कारण या शाया पारदर्शक असतात. म्हणून डिकॅलचा पांढरा कागद घ्यावा, अक्षरांभोवतीची तपकिरी पार्श्वभूमी छापावी आणि अक्षरे कोरी ठेवावीत. मग दोन तपकिरी छटा जुळवण्याची कसरत उरते. यावर माझा सल्ला असा, की आधी कागद छापून वाळवावा आणि मग त्याच्याशी जुळणारा रंग कालवून ट्रक रंगवावा. रंगात चार थेंब अधिक-उणे करणे सोपे, छपाईची छटा बदलत बसणे महाग. कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसते. तिच्यावरून तोच रंग बारीक कुंचल्याने फिरवावा.

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. त्यामुळे छपाई पूर्ण वाळल्यावर पारदर्शक लॅकरचे तीन-चार पातळ हात फवारल्याशिवाय कागद पाण्याला लावू नये. लेझर प्रिंटरची छपाई पाण्यात टिकते, परंतु त्याचा कागद वेगळा असतो. इंकजेटचा कागद लेझर यंत्रात घातला तर उष्णतेने पापुद्रा वितळून यंत्राची दुरुस्ती गळ्यात पडेल. डिकॅल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर बसवावे. खरबरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसू लागतात. झळाळी नको असल्यास शेवटी मॅट लॅकरचा हात द्यावा.

क्रमांकाच्या पाटीवरील अक्षरे नियमानुसार ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड. चोवीसने भागल्यावर जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. ६०० डीपीआयच्या छपाईत तेवढ्या जागेत जेमतेम दहा ठिपके मावतात, तरीही पाटी वाचता येते.

सारे जमले आणि वाद निघाला तो एका ओळीवरून. छायाचित्रात पेढीच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'नजरगहाण' आणि पुढे बँकेचे नाव. मुलाने तीही ओळ छापली होती. घरातील वडीलधारे आप्पा म्हणाले, "कर्ज १९९५ सालीच फिटले. फिटलेले कर्ज काचेच्या कपाटात कशाला मांडायचे?"

मी आयुष्यभर कर्जखात्यांवर काम केलेला माणूस. तारणाच्या तपासणीला गेलो की ट्रकभोवती फिरून ही ओळ आहे की नाही हे आम्ही आधी पाहत असू, चॅसिस क्रमांक नंतर. मी आप्पांना एवढेच म्हणालो, की पत असल्याशिवाय ही ओळ कोणाच्या ट्रकवर येत नाही. १९९१ साली बँकेने तुमच्या शब्दावर ट्रक दिला, त्याचा हा दाखला आहे. शिवाय छायाचित्र ट्रक घरी आला त्या दिवसाचे, हार घातलेले. त्या दिवशी ओळ होती, तर प्रतिकृतीवरही असावी. व्यापाऱ्याने जुन्या खतावणीतील पान फाडावे काय?

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भिंग मागवले, छायाचित्र पाहिले, छापलेला ताव पाहिला आणि नातवाला म्हणाले, "हे चूक आहे. पेंटरने 'गहाण' नाही, 'गहान' लिहिले होते. बँकेच्या साहेबांनी बदलून घ्यायला सांगितले, आम्ही चार वर्षे बदलले नाही."

नातवाने भिंगातून खात्री करून घेतली, 'ण'चा 'न' केला आणि ताव पुन्हा छापायला लावला.