हरवला होता तो हिशेब

सिक्स्टो रॉड्रिगेझ हा गायक हरवला होता म्हणे! अहो, तो डेट्रॉइटमध्येच राहत होता. पाडकाम-डागडुजीच्या कामावर जात होता, तीन मुलींचा बाप होता. नगरपरिषदेची निवडणूकसुद्धा लढवून पडला होता. लपून बसलेला माणूस निवडणुकीला उभा राहतो का?

१९७० आणि १९७१ साली त्याचे दोन अल्बम निघाले. अमेरिकेत कुणी हुंगलंही नाही. वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र गोऱ्या तरुणांनी त्यातला पहिला, ‘कोल्ड फॅक्ट’, डोक्यावर घेतला. गायकाने रंगमंचावरच जीव दिला, ही अफवाही तिथलीच. १९९६ साली स्टीफन सेगरमन या केपटाउनच्या चाहत्याने दुसऱ्या अल्बमच्या सीडीवरच्या मजकुरात विचारलं, याचा माग काढणारा आहे का कुणी? क्रेग बार्थोलोम्यू या पत्रकाराने ते वाचलं. तोवर दोघांची ओळखही नव्हती.

क्रेग आधी पैशाच्या मागे गेला. रेकॉर्डी खपतात म्हणजे रॉयल्टी कुठेतरी पोचत असणार, आणि ती घेणारा तिथे भेटणार. सरळ हिशेब. पण ती वाट मध्येच बुजली. अखेर उपयोगी पडलं ते एका गाण्यातलं डिअरबॉर्न हे गावाचं नाव. त्यावरून शेजारचं डेट्रॉइट, मग अल्बमचा निर्माता माइक थिओडोर. तो म्हणाला, जिवंत आहे की! मार्च १९९८ मध्ये रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेत हजारोंपुढे गायला.

या शोधावरच्या माहितीपटाला २०१३ साली ऑस्कर मिळालं. रॉड्रिगेझ १९७९ आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता, हे त्यात नाही. सांगितलं असतं तर गूढ पातळ झालं असतं ना! मला गूढ दिसतं ते वेगळंच. दोन चाहत्यांना जो माणूस सापडतो, तो त्याच्या गाण्यांवर कमावणाऱ्यांना वर्षानुवर्षं कसा सापडत नाही?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? माझ्या संग्रहातल्या जुन्या लावण्यांच्या रेकॉर्डींवर गाणारीचं नाव आहे, ढोलकी कुणाची ते नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, पण अर्ज कलावंतानेच करायचा, पुरावेही त्यानेच जोडायचे. फड सुटून गावी बसलेल्या ढोलकीवाल्याने ते कुठून आणायचे? तुमच्या गावात असा कुणी असेल तर जुनी हँडबिलं, फोटो, कात्रणं शोधून द्या, आणि अर्ज भरायला त्याच्याबरोबर बसा.