यंत्र विकले जाते, उपचार नाही

झोपेत घोरणे ही आपल्याकडे कालपरवापर्यंत थट्टेची बाब होती. आता ती वैद्यकाची बाब झाली आहे, आणि हा पालट स्वागतार्हच मानला पाहिजे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो आणि हे चक्र तासाला पंधरा, तीस, कित्येकांच्या बाबतीत साठ वेळाही चालू राहते. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण त्याला निद्राश्वासरोध म्हणू. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या मुंबईच्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा हा दोष होता आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची गुंगीही होती. म्हणजे हा काही मूठभर स्थूल श्रीमंतांचा आजार नव्हे. तो कचेरीत आहे, शिक्षकदालनात आहे.

त्यावर उपायही आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावाटे हवेचा अखंड दाब दिला असता श्वासमार्ग उघडा राहतो, हे त्यातून दिसून आले. आजचे सीपॅप यंत्र हे त्याच तत्त्वाचे सुधारलेले रूप होय. त्याने असंख्यांचे आयुष्य पालटले आहे. परंतु ज्यांनी यंत्र घेतले, महिनोन्महिने लावले आणि तरीही ज्यांना सकाळी उठल्यावर अंग मोडून आल्यासारखे वाटते, त्यांचे पुढे काय होते? बहुधा काहीच होत नाही.

परिचयातील एका मुख्य लिपिकाचे उदाहरण प्रातिनिधिक ठरावे. दीड महिन्याचा पगार मोजून त्यांनी यंत्र घेतले. विक्रेत्याचा माणूस घरी आला, बटण कोणते ते दाखवले, पावतीवर सही घेतली आणि गेला. आठ महिन्यांनीही पगारपत्रक तपासताना गृहस्थांची मान खाली पडतेच आहे. डॉक्टरांनी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. तासाला केवळ दोन वेळा श्वास अडतो आहे, तेव्हा ‘तुम्ही बरे आहात’ असा निर्वाळा दिला. सहकारी त्यांना कुंभकर्ण म्हणतात. (कुंभकर्णाला निदान झोपेचे सुख तरी लाभत होते!) आता यंत्र कपाटावर चढले आहे. त्या खोलीत लबाड कोणीच नव्हते. तरीही माणूस बरा झाला नाही.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. पण सरासरी ही फसवी गोष्ट असते, हे वर्गात दरसाल सांगावे लागत असल्याने या आकड्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार त्याला असावा. यंत्र मोजते ते फक्त मास्क तोंडावर असतानाचे. समजा, एखादा मनुष्य सात तास झोपतो, त्यांपैकी चार तास मास्क लावतो आणि पहाटे नकळत काढून टाकतो. मास्क असताना तासाला दोन अडथळे, म्हणजे आठ. मास्क नसताना त्याच्या मूळ विकाराप्रमाणे तासाला चाळीस, म्हणजे तीन तासांत एकशेवीस. एकूण एकशेअठ्ठावीस, भागिले सात. तासाला अठराहून अधिक. वैद्यकाच्या प्रचलित मापाने हा मध्यम तीव्रतेचा विकार झाला. पडद्यावर मात्र दोनच दिसतात. त्यातही, डोळ्यांची जलद हालचाल होणारी, स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरातच अधिक येते, आणि त्याच अवस्थेत स्नायू सर्वांत सैल पडून श्वास अधिक अडतो. तेव्हा बुडालेले तीन तास हे रात्रीतील सर्वांत महागडे तास असतात.

हे चार तास आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९९३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी पस्तीस रुग्णांच्या यंत्रांत गुप्तपणे घड्याळ बसवले. साठ टक्के रुग्ण ‘रोज लावतो’ म्हणाले. प्रत्यक्षात सत्तर टक्के दिवस निदान चार तास लावणारे सोळाच निघाले. ‘नियमित वापर’ कशाला म्हणावे यासाठी त्या अभ्यासाने योजलेली ही व्याख्या पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने पैसे देण्याची अट म्हणून स्वीकारली, आणि हळूहळू हिशेबातील किमान मर्यादाच औषधाची मात्रा होऊन बसली. वास्तविक २००७ साली टेरी वीव्हर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गुंगीची जाणीव चार तासांच्या वापरापर्यंत सुधारते, प्रयोगशाळेत मोजलेली झोपाळूता सहा तासांपर्यंत, आणि दैनंदिन कामकाजाची क्षमता साडेसात तासांपर्यंत सुधारत जाते. पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आपण विषय आला असे म्हणत नाही. येथे मात्र तसेच म्हटले जाते.

मास्क का निघतो, याची कारणे बहुतांशी सामान्य आणि दुरुस्त होण्याजोगी असतात. माप चुकलेले असते. दाढीमिशांतून हवा निसटते. सर्दीने वा वाकड्या नाकाच्या हाडाने नाक चोंदते, मग तोंड उघडते आणि सारा दाब तेथून बाहेर पडतो. लहान गावांत मध्यरात्री वीज जाते, ही तर वेगळीच तऱ्हा. वजन वाढले की पूर्वीचा दाब अपुरा पडू शकतो. क्वचित याच्या उलट घडते. दाब सुरू केल्यावर निराळ्याच जातीचे श्वासखंड दिसू लागतात. तेथे घसा मिटत नाही, मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही, आणि अशा वेळी दाब वाढवल्यास प्रकरण बिघडण्याचा संभव असतो. यांतील पुष्कळशा गोष्टींचा माग यंत्रातील नोंदींत असतो: किती तास वापर झाला, किती हवा गळली, किती अडथळे उरले आणि ते कोणत्या जातीचे. परंतु ती नोंद उघडून वाचणे हे कोणाचेच काम नाही. विक्रेत्याचे काम विक्रीने संपते. डॉक्टरांना ती वाचण्याचे वेगळे शुल्क मिळत नाही. आणि रुग्णाला ती आहे हेच ठाऊक नसते. आपल्या कचेऱ्यांत वस्तू आली की जडवस्तू संग्रहाच्या वहीत तिची नोंद होते आणि विषय मिटतो. तसेच हे.

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील मूळ मुद्दा हाच आहे की, येथे खरेदीदाराला आपण काय विकत घेतो आहोत याची पारख नसते आणि विकणाऱ्याला ती त्याच्याहून कितीतरी अधिक असते. फ्रिज थंड होत नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन भांडते. यंत्र लावूनही थकवा राहिला तर रुग्ण स्वतःलाच दोष देतो.

यंत्र सर्वथा निर्दोष चालत असूनही जे थकलेले राहतात, त्यांचीही संख्या नगण्य नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ५०२ रुग्णांच्या पाहणीत बारा टक्क्यांची दिवसाची गुंगी कायम होती. खिन्नतेचा विकार, झोपेत पाय वळवळण्याची व्याधी आणि नार्कोलेप्सी असलेले रुग्ण वगळल्यावर हे प्रमाण सहा टक्के उरले. म्हणजे निम्म्यांच्या बाबतीत शोधण्याजोगे दुसरे कारण होते. आपल्याकडे त्यांत लोहाची न्यूनता, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडचे मांद्य आणि सर्दीच्या वा झोपेच्या गोळ्या यांची भर घालावी लागेल. थकवा आणि गुंगी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही विचारले जात नाही. बसल्याबसल्या पेंग येते की नुसती शक्ती नसते, एवढ्या प्रश्नावर तपासणीची दिशा बदलते. आणि पहाटे पाच-चाळीसची लोकल पकडण्यासाठी पाचच तास झोपणाऱ्याला जगातील कोणतेही यंत्र उरलेले दोन तास मिळवून देणार नाही. सर्व कारणे निरस्त झाल्यावर जे शिल्लक राहतात, त्यांच्यासाठी जागृती वाढवणारी औषधे आहेत. तथापि मोडाफिनिल या औषधाचा या विकारासाठीचा वापर अमेरिकेत मान्य असताना, युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१० साली तो वगळण्याची शिफारस केली, एवढे सांगितले म्हणजे ती शेवटची पायरी का हे ध्यानात येईल.

मग करावे काय? मेडिकेअरच्या चार तासांवर वर टीका केली. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या योजनेत यंत्र एकदम विकत घेतले जात नाही, तर तेरा महिने भाड्याने दिले जाते, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांनी रुग्णाला पुन्हा तपासल्याशिवाय पुढचे भाडे मिळत नाही. त्यामुळे रुग्णाचे काय झाले हे पाहण्यात पुरवठादाराचा स्वार्थ गुंतलेला राहतो. आपला आरोग्यविमा मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला असल्याने अशा पाठपुराव्याला त्यात स्थान नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेत या यंत्राच्या किमतीची ठराविक मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती मिळते. पण ती वस्तूची प्रतिपूर्ती आहे. बांधकाम खाते कंत्राटदाराच्या देयकातून अनामत कापून ठेवते आणि दोषदायित्वाची मुदत उलटल्यावर परत करते. रस्त्याला जी दक्षता लावतो ती माणसाच्या श्वासाला लावण्यास हरकत नसावी. जेथे सरकारी वा विम्याचा पैसा आहे, तेथे किमतीचा एक भाग राखून ठेवावा आणि पहिल्या आठवड्याची, पहिल्या महिन्याची व तिसऱ्या महिन्याची नोंद वाचून त्यावर डॉक्टरांची सही झाल्यावरच तो विक्रेत्याला द्यावा. या वाचनाचे शुल्क डॉक्टरांनाही मिळाले पाहिजे.

रुग्णच मास्क लावत नसेल तर आमचा काय अपराध, असे विक्रेते म्हणतील. आक्षेप रास्त आहे. म्हणून ही रक्कम रुग्णाच्या सुधारणेशी न जोडता भेटींशी, मास्क बदलून देण्याशी आणि नोंदीच्या वाचनाशी जोडावी; तो का लावत नाही हे विचारायला कोणी त्याच्या घरी गेले होते, इतके कागदावर आले तरी तूर्त पुरे.