विमानातला धिंगाणा आणि आपण



विमानात प्रवाशाने धिंगाणा घातला अशी बातमी आली की आपल्यापैकी अनेकांना वाटते, ही श्रीमंतांची भानगड, रेल्वे-टपालवाल्यांचा तिच्याशी काय संबंध? आम्हांला तसे वाटत नाही. शिवी आणि थप्पड ज्याच्या वाट्याला येते तो गणवेशातला नोकरदारच असतो. आपल्या टी.टी.ई.सारखा, टपाल खिडकीवरच्या कारकुनासारखा. उलट त्याची अडचण आपल्याहून मोठी. गाडीतल्या दंगेखोराला पुढच्या स्टेशनवर पोलिसांच्या हवाली करता येते. आकाशात पुढचे स्टेशन नसते.

२३ मार्च २०१७ रोजी पुण्याहून दिल्लीला पोहोचलेल्या एअर इंडियाच्या विमानात उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी एका कर्मचाऱ्याला चपलेने मारले, आणि ते स्वतःच जाहीरपणे सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवासबंदी केली. पंधरवड्यात ती उठलीही! त्याच वर्षी सप्टेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केले. शिवीगाळीला ३ महिन्यांपर्यंत, धक्काबुक्की-मारहाणीला ६ महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्याला किमान २ वर्षे बंदी ठरली. निर्णय निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीने ३० दिवसांत द्यायचा. या नियमांचे आम्ही स्वागतच करतो.

पण बंदी येते ती मार बसल्यानंतर. १४ जानेवारी २०२४ रोजी धुक्यामुळे खोळंबलेल्या दिल्ली-गोवा विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकाला एका प्रवाशाने मारले. धुके काय वैमानिकाने पाडले होते? ताटकळलेल्या प्रवाशाचा राग आम्ही समजू शकतो, त्याचा हात उठणे नाही. गाडी चार तास लेट झाली की फलाटावर शिव्या स्टेशन मास्तर खातो. निर्णय घेणारे साहेब तेथे नसतात. प्रवाशाला वेळेवर खरी माहिती देणे आणि पुरेसे कर्मचारी नेमणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. ती टाळली की तिची किंमत खालचा कर्मचारी मोजतो.

रेल्वेत आम्ही प्रवासबंदी मागत नाही. रेल्वे हे गरिबाचे वाहन आहे, ते बंद झाले तर तो कामावर जाणार कसा? मात्र १९८९ च्या रेल्वे कायद्यातले उपद्रवाचे कलम १४५ आणि कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणण्याचे कलम १४६ कागदावर राहता कामा नये. मार खाल्लेल्या कर्मचाऱ्याला "मिटवून टाक" असे सांगण्याऐवजी वरिष्ठांनी त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. हीच मागणी टपाल खात्याकडेही आहे. आणि मारणारा खासदार असो वा साधा प्रवासी, न्याय एकच असावा.

विमान कर्मचारी आपलेच भाईबंद आहेत. त्यांच्यावरचा हात तो आपल्यावरचा हात!

कामगार एकजुटीचा विजय असो!