चिमणीचा धूर आणि उन्हाचं मोजमाप

हिवाळ्यात पहाटे धुऱ्यावर शेकोटी पेटवली की धूर वर चढत नाही, पऱ्हाटीच्या शेंड्यावर चादरीसारखा पसरतो. उन्हाळ्यात भर दुपारी तोच धूर गरगरत आभाळात जातो. शास्त्रज्ञ याला हवेची स्थिरता म्हणतात. गावाच्या छातीत किती धूर जाणार, हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

मिहानसाठी खापरी, दहेगाव, तेल्हारा शिवारातल्या जमिनी गेल्या. नागपूरच्या उत्तरेला कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. अशा मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात धुराचं गणित असतं आणि त्याच्या मुळाशी ही स्थिरता असते.

ती काढायची रीत पास्क्विल या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं १९६१ साली मांडली. 'ए' म्हणजे फार अस्थिर, 'डी' मध्यम, 'एफ' स्थिर. ऊन कडक की मंद, हे पूर्वी आभाळ पाहून ठरे; आता पायरॅनोमीटर नावाचं यंत्र ते मोजतं. वारा सेकंदाला दोन मीटरच्या आत आणि ऊन चौरस मीटरला ६७५ वॅटच्या वर असलं की वर्ग 'ए'. तेवढ्याच वाऱ्यात ऊन १७५ च्या खाली आलं की थेट 'डी'. रात्री ऊन नसतं, म्हणून दोन उंचींवरचं तापमान पाहावं लागतं. वरची हवा खालच्याहून गरम असेल, तर झाकण बसलं समजा.

यातली मेख अशी. 'ए' वर्गात उंच चिमणीचा धूरही गोते खात जवळच्या शिवारात उतरू शकतो. स्थिर रात्री तो वरच्या वर दूर जातो. पण सकाळी ऊन तापून झाकण फुटलं, की साचलेला धूर खाली येतो. कमी उंचीचा धूर मात्र रात्रभर गावातच कोंडतो.

अहवालासाठी मोजणी बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामात होते. ती उन्हाळ्यात झाली, तर हिवाळ्यातल्या कोंडलेल्या रात्री हिशेबातून सुटण्याची भीती असते.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जागं राहावं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. तीन प्रश्न लेखी विचारा : मोजणी कोणत्या महिन्यांत झाली? ऊन यंत्रानं मोजलं की अंदाजानं धरलं? रात्रीचा वर्ग कसा काढला? उत्तरं इतिवृत्तात आली पाहिजेत, असा आग्रह धरा. एकदा चिमणी उभी राहिली, की मग वाऱ्याला विनवण्या करून काही होत नसतं.